मण किती किलोंचा?

बडोद्याच्या हाथीखान्यातल्या एका धान्याच्या पेढीवरून फोन आला. "बेन, कांटो अटकी जाय छे." मी तेव्हा मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये एका बोर्डावर सोल्डर लावत होते. सकाळचे दहा, म्हणजे तिकडे पोती उतरवायची घाई. फोनमध्ये हमालांचे आवाज येत होते. कधी अडकतो, असं विचारलं, तर काका म्हणाले, "टेअर दबावुं त्यारे. दर वखते नहीं. क्यारेक."

क्यारेक. कधीकधी. (टेअर म्हणजे काटा शून्यावर आणायचं बटण.) दरवेळी बिघडणारी गोष्ट संध्याकाळपर्यंत दुरुस्त होते. कधीकधी बिघडणाऱ्या गोष्टीने झोप उडते.

मी वजनकाट्यांचे इंडिकेटर बनवते, म्हणजे काट्याचा आकडे दाखवणारा डबा. आत वजनाचा दाब विजेच्या संकेतात बदलणारा लोडसेल, त्या संकेताचा आकडा करणारा २४ बिटांचा कन्व्हर्टर (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा), मायक्रोकंट्रोलर ही छोटी संगणक-चिप आणि डिस्प्ले. सगळा कोड सी भाषेत, आणि तो मीच लिहिलेला. जुना बोर्ड ८ बिटांच्या एव्हीआर चिपवर होता. ती चिप वेळेवर मिळेनाशी झाली, म्हणून मागच्या वर्षी ३२ बिटांच्या आर्म कॉर्टेक्स-एम चिपवर आले. दहा वर्षं बाजारात चाललेला कोड होता. तो नव्या चिपसाठी आठवड्याभरात कंपाइल झाला, म्हणजे चिपला कळेल अशा रूपात उतरला, आणि चाललाही. अकरा काटे बाहेर गेले, त्यांतला एक या काकांचा.

बिघाड कुठे होता ते सांगण्याआधी मणाबद्दल बोलावं लागेल.

माझी आजी साताऱ्याकडची, लग्न होऊन बडोद्याला दांडिया बाजारात आली. तिच्या डोक्यातला मण ४० शेरांचा होता आणि शेर ८० तोळ्यांचा. आजच्या मापात असा मण ३७ किलोंच्या थोडा वर जातो. आमच्याकडच्या बाजारात मात्र मण म्हणजे २० किलो. आजही हाथीखान्यात गव्हाचा भाव मणाने सांगतात आणि तो मण २० किलोंचाच असतो. माझ्या लहानपणी आजी दुकानदाराला म्हणायची, "हा कसला मण, हा तर अर्धाच!" तो हसायचा. दोघेही खरं बोलत होते, शब्दही एकच होता. फक्त आतला माल वेगळा.

सी भाषेतला इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, हा असाच मण आहे. तो किती बिटांचा हे भाषेने ठरवलेलंच नाही. स्टँडर्ड, म्हणजे भाषेचे लिखित नियम, इतकंच सांगतं की अमुक पट्ट्यापेक्षा तो लहान नसेल: कॅर कमीत कमी ८ बिट, शॉर्ट आणि इंट कमीत कमी १६, लाँग कमीत कमी ३२, आणि १९९९ च्या स्टँडर्डपासून लाँग लाँग कमीत कमी ६४. त्याच्या वर कंपायलर आणि चिप मिळून ठरवतील ते. यामागे आळस नव्हता. सी वाढली ती पीडीपी-११ या जुन्या संगणकावर, तिथे इंट १६ बिटांचा. ती लवकरच हनीवेल ६००० वर गेली, तिथे इंट ३६ बिटांचा. त्या यंत्राला १६ किंवा ३२ बिट काटेकोर पाळायला लावलं असतं तर प्रत्येक बेरजेला जास्तीची कसरत करावी लागली असती. म्हणून "यंत्राला जो आकार सहज पेलतो तो इंट" असं ठरलं. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो. अडचण येते ती आपण मण म्हणतो आणि मनात २० किलो धरतो तेव्हा.

मी कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, शिकले तेव्हा आमच्या लॅबमध्ये डॉसवर टर्बो सी हा कंपायलर होता. तिथे इंट १६ बिटांचा, म्हणजे ३२७६७ पर्यंत. पहिल्याच वर्षी एका प्रोग्रॅममध्ये २०० गुणिले १००० केलं, उत्तर लाँगमध्ये ठेवलं, आणि छापलं तर ३३९२. सरांनी फळ्यावर समजावलं: उत्तर ठेवायची जागा मोठी असली तरी गुणाकार दोन इंटांचा आहे, तो इंटमध्येच होतो, आणि तिथेच वरचे बिट गळतात. २००००० मधून ६५५३६ तीनदा वजा करा, ३३९२ उरतात. मोठ्या पातेल्यात दूध ओतायचं खरं, पण ज्या वाटीने मोजतोय तीच ओसंडून वाहिली तर पातेलं काय करणार? ती वाटी मी विसरले नाही.

तेव्हा ठरलेल्या रुंदीचे प्रकार भाषेत नव्हते. म्हणून आम्ही सगळेच आपापली टाइप्स.एच, म्हणजे प्रकारांना रुंदीची नावं देणारी फाइल, बनवायचो: यू८, यू१६, यू३२, एस३२. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ती फाइल, आणि चिप बदलली की ती एकच फाइल बदलायची. पद्धत चांगली होती. पण दोन ठिकाणांहून आलेला कोड एकत्र केला की दोन टाइप्स.एच भिडायच्या. एकात यू३२ म्हणजे अनसाइन्ड लाँग, दुसऱ्यात अनसाइन्ड इंट. (अनसाइन्ड म्हणजे उणे आकडे न ठेवणारा, साइन्ड म्हणजे उणेही ठेवणारा.) त्या चिपवर दोन्ही ३२ बिटांचेच, तरी कंपायलर नकार द्यायचा, कारण रुंदी सारखी असली तरी सी भाषेच्या लेखी इंट आणि लाँग हे दोन वेगळे प्रकार आहेत. हे नवशिक्याला पटत नाही. मलाही वेळ लागला.

या फाइलमध्ये निवड कशी करायची, तेही शिकण्यासारखं होतं. पहिल्यांदा कुणालाही वाटतं की प्रीप्रोसेसरला, म्हणजे कंपाइलच्या आधी फाइल चाळणाऱ्या टप्प्याला, विचारू, "साइझऑफ इंट ४ आहे का?", म्हणजे इंट ४ बाइटांचा आहे का. पण प्रीप्रोसेसरच्या अटीच्या, म्हणजे हॅश-इफच्या, ओळीत साइझऑफ चालत नाही, प्रीप्रोसेसरला प्रकार म्हणजे काय तेच ठाऊक नसतं. त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून लिमिट्स.एच घ्यायची आणि यूइंट_मॅक्स, म्हणजे अनसाइन्ड इंटचा सर्वांत मोठा आकडा, किती आहे ते पाहायचं. तो ४२९४९६७२९५ असेल तर अनसाइन्ड इंट हाच यू३२. नसेल तर यूलाँग_मॅक्स तपासायचा. तोही नसेल तर हॅश-एरर देऊन तिथेच थांबायचं. तो हॅश-एरर अनेकजण लिहीत नाहीत. मी नेहमी लिहिते. चुकीच्या रुंदीवर गुपचूप पुढे गेलेला बिल्ड मला नको.

आणि शेवटी एक पडताळणी: एक अॅरे जाहीर करायचा, ज्याची लांबी "रुंदी बरोबर असेल तर १, नाहीतर -१". उणे लांबीचा अॅरे कंपाइलच होत नाही, म्हणजे चूक असेल तर बिल्ड जागेवर थांबतो. हे चिपवर न चालवता, नुसत्या कंपाइलने कळतं. बडोद्यात बसून दुसऱ्याच चिपसाठी कंपाइल करणाऱ्या माझ्यासारखीला तेच हवं असतं. बिल्डची तयारी करणाऱ्या ऑटोकॉन्फ या साधनाची स्क्रिप्टसुद्धा क्रॉस-कंपाइल करताना आकार शोधायला हीच युक्ती वापरते. २०११ च्या स्टँडर्डने यासाठी _स्टॅटिक_असर्ट दिलं. पण जुन्या कंपायलरवर मी अजून उणे अॅरेच लिहिते.

१९९९ च्या स्टँडर्डने स्टडइंट.एच ही हेडर, म्हणजे तशीच तयार फाइल, दिली आणि नावं सगळ्यांची एक झाली: इंट८_टी, यूइंट१६_टी, इंट३२_टी वगैरे. सगळे कंपायलर लगेच आले नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ही हेडर व्हिज्युअल स्टुडिओ २०१० मध्ये आली. आज मात्र स्वतःचे यू३२ बनवायचं कारण फारसं उरलेलं नाही. कंपायलर देतो ती हेडर घ्या. जुना कंपायलर देत नसेल तर त्याच नावांची फाइल स्वतः लिहा, म्हणजे उद्या कंपायलर बदलला की आपली फाइल नुसती काढून टाकता येते.

आता काकांचा काटा.

टेअरचं बटण दाबलं की माझा कोड ५०० मिलिसेकंद थांबतो, पोत्याचं हलणं निवू देतो, आणि मग शून्य धरतो. थांबायची पद्धत साधी: सुरुवातीची वेळ टिपायची आणि "आत्ता वजा सुरुवात, ५०० पेक्षा कमी" असेपर्यंत लूप फिरवायचा. वेळ देणारा काउंटर १६ बिटांचा. ६५५३५ झाले की पुन्हा शून्य, म्हणजे साधारण ६५ सेकंदांनी एक फेरी. जुन्या चिपवर हे सगळं अनसाइन्ड इंटमध्ये होतं, आणि तिथे इंट १६ बिटांचाच. फेरी उलटली तरी वजाबाकी बरोबर यायची: आत्ता ५, सुरुवात ६५५३०, तर ५ वजा ६५५३० बरोबर ११. अनसाइन्ड गणित त्या घड्याळासारखंच गोल फिरतं, म्हणून जमायचं.

नव्या चिपवर अनसाइन्ड इंट ३२ बिटांचा. तो तसाच ठेवला असता तर ५ वजा ६५५३० म्हणजे चारशे कोटींच्या वरचा आकडा आला असता, लूप तिथल्या तिथे संपला असता आणि हलत्या पोत्यावर शून्य धरलं गेलं असतं. हे मला ठाऊक होतं. म्हणून कोड हलवताना मी काळजीने प्रत्येक ठिकाणी यूइंट१६_टी केलं. माझ्या हिशेबी आता मणाऐवजी किलो लिहिले होते.

पण सी मध्ये इंटपेक्षा अरुंद प्रकार गणितात शिरताना आधी इंट होतो. इंटमध्ये त्याच्या सगळ्या किमती मावत असतील तर साइन्ड इंटच होतो. एव्हीआरवर इंट १६ बिटांचा, त्यामुळे यूइंट१६_टी अरुंद ठरत नाही, तो अनसाइन्डच राहतो. आर्मवर इंट ३२ बिटांचा, म्हणून दोन्ही यूइंट१६_टी आधी साइन्ड ३२ बिटांचे झाले, आणि ५ वजा ६५५३० झाले उणे ६५५२५. उणे आकडा ५०० पेक्षा कमीच. लूप चालू. मग काउंटर शून्यापासून वर चढत जातो. सुरुवात ६५०३६ किंवा त्याच्या पुढची असेल, तर काउंटर ६५५३५ ला पोहोचला तरी फरक ४९९ च्या वर कधीच जात नाही. पुन्हा शून्य, पुन्हा चढण. तो लूप संपतच नाही.

६५५३६ पैकी ५०० मिलिसेकंदांचा हा पट्टा. त्यात बोट पडलं की काटा अडकला. म्हणजे सुमारे १३१ वेळा टेअर दाबलं की एकदा. काकांचं क्यारेक अगदी बरोबर होतं. वॉचडॉगने, म्हणजे निरोप थांबला की चिप पुन्हा सुरू करणाऱ्या राखणदार घड्याळाने, तरी चिप पुन्हा सुरू करायला हवी होती, पण थांबायच्या त्याच लूपमध्ये मी वॉचडॉगला "सगळं ठीक" असा निरोप देत होते. ती सवय त्या दिवशी मोडली.

दुरुस्ती एका शब्दाची: वजाबाकीच्या उत्तराला यूइंट१६_टी चा कास्ट, म्हणजे ते मुद्दाम त्या प्रकारात बदलणं. गणित ३२ बिटांत होऊ दे, उत्तर परत १६ बिटांच्या वर्तुळात आणायचं. तो शब्द लिहायला दोन सेकंद लागले, आणि अकरा काट्यांचं सील तोडून, कोड बदलून, तोलमाप खात्याची पडताळणी पुन्हा करून घेण्यात तीन आठवडे गेले. एका गोष्टीचं समाधान आहे: काटा अडकला, पण त्याने खोटं वजन दाखवलं नाही. दाखवलं असतं तर कुणीतरी किती दिवस जास्त पैसे मोजले असते, हा विचार मला अजून त्रास देतो.

याच मुळाची दुसरी शाखा गुणाकारात आहे. दोन यूइंट१६_टी, दोन्हींत ५०००० असतील, तर ३२ बिटांच्या चिपवर गुणाकार साइन्ड इंटमध्ये होतो. अडीचशे कोटी त्यात मावत नाहीत, आणि साइन्ड ओसंडला की स्टँडर्ड कुठलीच हमी देत नाही. लिहिणाऱ्याने अनसाइन्ड लिहिलेलं असतं, आणि तरीही. गुणण्याआधी एकाला यूइंट३२_टी करून घ्यावं.

कोड हलवताना आणखी दोन गोष्टी सापडल्या, त्या थोडक्यात. एव्हीआरवर जीसीसी या कंपायलरचा साधा कॅर साइन्ड असतो, माझ्या आर्मच्या कंपायलरवर अनसाइन्ड. सीरियलवरून काही आलं नाही तर -१ परत देणारं फंक्शन मी कॅरमध्ये साठवत होते. नव्या चिपवर तो -१ झाला २५५, आणि "शून्यापेक्षा कमी" ही अट कधी खरीच होईना. दुसरं, कॅलिब्रेशनचा स्ट्रक्चर, म्हणजे एकत्र बांधलेले आकडे, मी वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या ईईप्रॉममध्ये जसाच्या तसा ओतत होते. प्रकारांना रुंदी दिल्यावर प्रत्येक घर नेमकं झालं, पण दोन घरांच्या मधे कंपायलर भरणीचे बाइट घालतो, ते चिपप्रमाणे बदलतात. आता मी एकेक बाइट हाताने लिहिते, मोठा बाइट आधी.

आमच्याकडे नवीन आलेला मुलगा, रावपुऱ्यातलाच, हे सगळं ऐकून म्हणाला, "ताई, मग सगळीकडे इंट३२_टी च लिहू ना? विषय संपला." मी त्याला नको म्हटलं, आणि त्यावर आमचा दुपारचा चहा गेला.

नेमकी रुंदी तिथे लिहायची जिथे ती गोष्ट बाहेरच्या जगाने नेमकी ठरवली आहे: चिपचं रजिस्टर, यंत्रांच्या आपसातल्या बोलण्याच्या मॉडबस पद्धतीचा १६ बिटांचा रजिस्टर, ईईप्रॉमचा बाइट, फाइलमधला आकडा. आणि जिथे वर्तुळ फिरणं हाच हिशेब आहे, तिथे. दहा वेळा फिरणाऱ्या लूपचा आकडा इंट असला तर काही बिघडत नाही. इंट किमान १६ बिटांचा आहे ही हमी त्याला पुरते. एखाद्या गोष्टीचा आकार किंवा अॅरेची लांबी असेल तर साइज_टी, कारण ते त्या यंत्राच्या स्मृतीवर अवलंबून असतं आणि ते ठरवणं माझं काम नाही. "निदान एवढं मावलं पाहिजे, जास्त झालं तरी चालेल" अशा जागी इंट_लीस्ट३२_टी. हा प्रकार लोक विसरतात. खरं तर नेमक्या रुंदीचे प्रकार असलेच पाहिजेत अशी स्टँडर्डची सक्ती नाही, लीस्टवाल्यांची मात्र आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सी२००० मालिकेतल्या सी२८एक्स चिपवर बाइटच १६ बिटांचा, तिथे यूइंट८_टी असूच शकत नाही. मोटर ड्राइव्ह बनवणाऱ्या शेजारच्या शेडमध्ये त्याच चिपा आहेत, आणि माझा कोड त्यांनी मागितला तेव्हा पहिला अडथळा हाच आला.

इंट_फास्ट१६_टी, म्हणजे निदान १६ बिटांचा आणि यंत्राला जलद पडेल असा प्रकार, मी जपून वापरते. त्याची रुंदी जागोजागी बदलते. एव्हीआरवर १६, आणि ६४ बिटांच्या लिनक्सवर ग्लिबसी या लायब्ररीमध्ये चक्क ६४. फंक्शनच्या आतल्या चलाला ठीक, दहा हजार नोंदींच्या अॅरेला नाही.

मुलाने शेवटी विचारलं की मग लाँग कुठे? माझं मत, जवळजवळ कुठेच नाही. ६४ बिटांच्या विंडोजवर लाँग ३२ बिटांचा आणि ६४ बिटांच्या लिनक्सवर ६४. आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर दोन्हीकडे चालतं. लाँगएवढा बिनभरवशाचा मण दुसरा नाही. छापतानाही तोच त्रास: आमच्या आर्मच्या कंपायलरवर इंट३२_टी हा आतून लाँग आहे, म्हणून टक्के-डी ही छापायची खूण लिहिली की तो कुरकुरतो, टक्के-एलडी लिहिलं तर पीसीवरचा कुरकुरतो. इंटटाइप्स.एच मधला पीआरआयडी३२ दिसायला ओबडधोबड आहे, पण दोन्हीकडे चालतो.

दुसऱ्या दिवशी त्याने एक रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, लावून टेअर दाबणारं बोट बनवलं. दोन दाबांतलं अंतर मुद्दाम वेडंवाकडं ठेवलं, नाहीतर रिलेची आणि काउंटरची चाल जुळून तो ५०० मिलिसेकंदांचा पट्टा कायमचा चुकला असता. कास्ट नसलेल्या कोडवर २००० दाबांत काटा १४ वेळा अडकला. कास्ट घातल्यावर एकदाही नाही. मग रात्रभर चालू ठेवला.

महिन्याभराने तोच मुलगा कोड नीटनेटका करत होता. कास्टची ओळ दाखवून म्हणाला, "ताई, दोन्ही बाजू यूइंट१६_टी च आहेत, हा कास्ट जास्तीचा दिसतो. काढू?" मी त्याच्या शेजारी बसले आणि त्या ओळीच्या वर त्याच्याकडूनच मराठीत टीप लिहून घेतली: "काउंटर १६ बिटांचा, इंट ३२ बिटांचा. हा कास्ट काढला तर १३१ मध्ये एकदा टेअर अडकतो. हाथीखान्याचा काटा."